मकोखा मास्तरांचा आकडा

बुंगोमाजवळच्या मुलींच्या शाळेत मकोखा मास्तर रसायनशास्त्र शिकवत. शिकवत कसले, गाजवत. मोलची गणितं बघून एखादी रडकुंडीला आली की म्हणत, "अगं, तुझी आई बाजारात मका एकेक दाणा मोजून विकते का? डबा भरून देते ना? मोल म्हणजे कणांचा तसाच ठरलेला गठ्ठा. गठ्ठ्यात दाणे तेवढेच, पण मक्याचा गठ्ठा जड, मुगाचा हलका. यात रडायचं काय?" पोरींना पटायचं.

प्रयोगाच्या परीक्षेत मात्र रीत अशी, की मास्तरांनी आधी स्वतः प्रयोग करून सोड्याच्या द्रावणाचा रंग बदलायला किती आम्ल लागलं तो आकडा लिहून ठेवायचा. ज्या मुलीचा आकडा त्याच्या जवळ, तिला मार्क. त्यामुळे पोरींचं अर्धं लक्ष फ्लास्कमध्ये आणि अर्धं मास्तरांच्या टेबलावर.

यंदा सराव परीक्षेला मास्तरांना अवदसा आठवली. प्रयोग न करताच गणित मांडून त्यांनी पंचवीस मिलिलिटर लिहिलं. "दरवर्षी हेच येतं, आज काय निराळं येणार," म्हणून कागद टेबलावरच ठेवून चहाला गेले. ते परत येईपर्यंत पंचविसाचा आकडा सगळ्या बाकांवरून फिरून आला होता.

सगळ्यांनी पंचवीस लिहिलं. नफुनाने लिहिलं सदुसष्ट. मास्तरांनी भोपळा दिला. पोर आधीच काठावरची. यात नापास झाली तर रसायन सुटणार, आणि रसायन सुटलं की नर्सिंग कायमचं गेलं. ती पेपर घेऊन सरळ टेबलाशी आली.

"मास्तर, पंचविसाला रंग बदललाच नाही."

"सगळ्यांचा बदलला आणि तुझाच नाही? फ्लास्कने तुझ्याशी कट्टी घेतली का?"

वर्ग खिदळला. नफुनाचे डोळे भरले, पण ती हलली नाही. "मग तुम्हीच करून दाखवा."

उरलेलं द्रावण होतंच. मास्तरांनी ऐटीत बाह्या सारल्या आणि आम्लाच्या नळीची तोटी सोडली. पंचवीस झाले, फ्लास्क पिवळाच. पन्नास झाले, नळी रिकामी. त्यांनी ती पुन्हा भरली. सदुसष्टला गुलाबी छटा आली.

आता कुठे त्यांचं लक्ष फळीकडे गेलं. सोड्याच्या दोन बरण्या, एक खड्यांची, एक कोरड्या भुकटीची. परीक्षेच्या कागदात वजन दिलं होतं खड्यांचं. खड्यांत निम्म्याहून जास्त पाणीच असतं. द्रावण करताना मास्तरांनी तेवढीच भुकटी ओतली, द्रावण अडीचपटीहून कडक. "खड्यातलं पाणी विसरणारी गाढव," असं हेच महाशय जन्मभर सांगत आलेले!

"तुम्हा सगळ्यांचा रंग पंचविसालाच बदलला म्हणे?" त्यांनी वर्गाला विचारलं. बाकाबाकांवर पेपर हळूच पालथे झाले.

संध्याकाळी मुख्याध्यापिका खयांगाबाईंनी बोलावून घेतलं. "मकोखा, अख्ख्या वर्गात एकच पास? काय चाललंय काय?"

"प्रयोग एकट्या नफुनानेच केला होता, मॅडम. बाकीच्यांनी नुसता आकडा लिहिला."

"आणि तुम्ही?"

"नापासांत पहिलं नाव माझं घाला."