घोडे नसलेलं घोडदळ

तीर्थपुरीहून जालन्याच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या दोन्ही पिशव्या फुगलेल्या होत्या. ज्वारीचं पीठ, कारळाची चटणी आणि मुलीने खास मागितलेली वाकळ (जुन्या लुगड्यांची गोधडी). हे मला सोडायला थांब्यापर्यंत आले होते. गुडघ्यांमुळे त्यांना एवढा प्रवास झेपणार नव्हता.

"पोचली की जल्दी फोन कर," ते म्हणाले. "अन् तिची घोड्याची शाळा बी पाहून ये."

ही घोड्याची शाळा आमच्या घरातली जुनी गंमत होती. आमची सुजाता सहा वर्षांपूर्वी कॅनडाला शिकायला गेली आणि तिथेच एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. दोन वर्षांमागे फोनवर म्हणाली, मी आता घोडदळात जाते, आठवड्यातून एक संध्याकाळ आणि महिन्यातून एक-दोन सुट्ट्या. आम्हाला वाटलं, घोडेस्वारी शिकवत असतील. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पण मलाही वेगळं काही सुचलं नाही. तिनेही आमचा समज दुरुस्त केला नाही.

तिथल्या विमानतळावर तपासणीच्या साहेबांनी माझा चटणीचा डबा उघडला. काळी पूड पाहून त्यांनी ती हुंगली, दोनदा शिंकले आणि डबा परत दिला. बाहेर सुजाता उभी होती. गाल लाल झालेले, केस आखूड कापलेले. गाडीतून मी बाहेर पाहत राहिले. आमच्याकडे मंठ्याच्या रस्त्यावर जशी आभाळाला टेकलेली सपाट रानं दिसतात, तशीच रानं होती. फक्त काळ्या मातीच्या जागी पांढरं बर्फ.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती मला तिच्या पलटणीच्या इमारतीत घेऊन गेली. लाल विटांची भक्कम वास्तू, आत आमच्या बाजार समितीच्या शेडएवढं मोठं दालन. मी तबेला शोधत होते. समोर हिरव्या रंगाच्या तीन चिलखती गाड्या उभ्या होत्या.

"घोडे कुठंयत गं?"

"घोडे कवाच गेले, आई. आता ह्या गाड्या हायेत."

"म्हणजे ही फौज हाय?"

"राखीव फौज. आपापली नोकरी करून येतात सगळे."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. तेवढ्यात आतून एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले. हे गॉर्डन. पलटणीतून निवृत्त झालेले सार्जंट, आता तिथल्या छोट्या संग्रहालयाची देखभाल करतात. माझं इंग्रजी शाळेतलं आहे हे ओळखून ते सावकाश बोलत होते.

त्यांनी मला एकेक कपाट दाखवलं. पलटण सुरू झाली तेव्हा आसपासचे शेतकरी आणि गुराखी स्वतःचा घोडा घेऊन भरती होत. पहिल्या महायुद्धात त्यांना घोडे मागे ठेवून पायी खंदकात उतरावं लागलं. दुसऱ्या महायुद्धात त्यांना रणगाडे मिळाले. आता ते चिलखती गाड्यांतून पुढे जाऊन शत्रूचा ठावठिकाणा काढायला शिकतात, म्हणजे जुन्या स्वारांचंच काम. साध्या शिपायाला आजही 'ट्रूपर' म्हणतात, म्हणजे आपल्याकडचा स्वारच.

एका भिंतीवर लाकडी पाटी होती. वर युद्धात गेलेल्या माणसांची नावं आणि खाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, घोड्यांची. मी ती बोट ठेवून वाचली. जालन्यातही एके काळी घोडदळाची छावणी होती, हे मी मुलांना कितीदा सांगितलं असेल. त्या छावणीतल्या एकाही घोड्याचं नाव मला माहीत नव्हतं.

"ह्या पलटणीचा प्रमुख कोण?" मी विचारलं.

"शाळेत गणित शिकवतात ते," गॉर्डन म्हणाले. "आणि आमचे सार्जंट मेजर नळ दुरुस्त करतात. त्यांचा आवाज ऐकला की गळका नळसुद्धा थांबतो."

मी हसले. ते मनमोकळेपणाने पुढे म्हणाले, "सुजाता वसंतात युरोपच्या मोहिमेवर निघाली आहे. सहा महिने. तुम्हाला अभिमान वाटत असेल."

वाक्य मला नीट कळलं होतं, तरी मी ते पुन्हा म्हणायला लावलं. गॉर्डननी माझ्याकडे पाहिलं, मग सुजाताकडे.

घरी आल्यावर सुजाता म्हणाली, "सांगणारच व्हते मी. तू आल्यावर समोरासमोर."

"दोन वर्षं झाली, सुजाता."

त्यानंतर दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. भाकरी थापून ठेवायची आणि खिडकीशी बसायचं. पंचावन्न घरांच्या वस्तीतून शिकून बाहेर पडलेली माझी लेक. तिच्या शिक्षणासाठी आम्ही दोघं काय झिजलो, ते आम्हालाच माहीत. ती कुणाच्या युद्धात जाणार, आणि का?

अकरा नोव्हेंबरला तिकडे युद्धात गेलेल्यांचं स्मरण करतात. मी जाणार नव्हते. सकाळी सुजाता गणवेश घालून, काळी टोपी नीट करत आरशासमोर उभी होती. तिने मला चल म्हटलं नाही. फक्त एक लाल पॉपी (खसखशीच्या फुलासारखं बनवलेलं, त्या दिवशी छातीवर लावायचं फूल) टेबलावर ठेवलं. मी ते साडीवर घातलेल्या कोटाला टाचलं, टाचणी बोटात घुसली, आणि मी तिच्या मागोमाग गाडीत बसले.

चौकातल्या स्मारकापाशी गाव जमलं होतं. उणे बारा अंशांत म्हातारी माणसं उघड्या डोक्याने उभी. घोडदळाची तुकडी आली. पुढे त्यांचं 'गायडन', म्हणजे दोन टोकांचं रेशमी निशाण, ज्यावर पलटणीने लढलेल्या लढायांची नावं भरतकाम करून लिहिलेली असतात. निशाण समोरून जाताना चाकाच्या खुर्चीतला एक वृद्ध हाताने खुर्ची दाबत उठून उभा राहिला. कुणी त्याला धरलं नाही. त्याला उभं राहायला लागेल तेवढा वेळ निशाण थांबलं होतं.

बिगुल वाजला आणि दोन मिनिटं शांतता. मी मनात बुद्धाचं त्रिसरण म्हटलं. दुसऱ्या रांगेत सुजाता उभी होती, आणि मला प्रथमच ती माझी पोर न वाटता एक स्वतंत्र बाई वाटली.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझ्याच वयाची एक बाई होती. छातीवर चांदीचा छोटा क्रूस. तिने पहिलं पुष्पचक्र वाहिलं आणि परत येऊन बसली. गॉर्डननी ओळख करून दिली. मार्गारेट. तिचा मुलगा याच पलटणीतला, सुतारकाम करायचा. परदेशातल्या मोहिमेवर गेला आणि परतला नाही. असा क्रूस फौजेत मूल गमावलेल्या आईला देतात, आणि दर वर्षी पहिलं पुष्पचक्र अशाच एका आईच्या हातून वाहिलं जातं. ती बसेपर्यंत कुणी हलत नाही.

नंतर चहाच्या वेळी मी धीर करून विचारलं, "तुम्ही त्याला परवानगी दिली होती?"

तिने कप खाली ठेवला. "त्याने मागितली नव्हती," ती म्हणाली. "पण जाण्याआधी तीन महिने तो रोज संध्याकाळी माझ्याकडे जेवायला आला. भांडलो, रडलो, पत्ते खेळलो. ते तीन महिने माझ्याजवळ आहेत."

मी तिचा हात धरला.

घरी येताच मी सुजाताला समोर बसवलं. "तू परवानगी मागू नको. तू मोठी झालीस. पण सांगत जा. तू सांगितलं न्हाई, तर तुझ्यासाठी रडायचं बी आम्हाला कळणार न्हाई."

तिचा चेहरा आकसला. "मला वाटलं तू म्हणशील, आपल्या लोकांनी दुसऱ्याच्या फौजेत कशाला मरायचं."

"म्हणणारच व्हते. मंग तू काय उत्तर दिलं असतं?"

ती म्हणाली, "इथं आल्यावर पहिली चार वर्षं मला नावानं कुणी हाक मारली न्हाई, आई. त्या दालनात पहिल्या दिवशी सार्जंट मेजरनं माझं आडनाव बराबर येईपर्यंत पाचदा म्हणून पाह्यलं. मला त्यांच्यासाठी जावं वाटतं."

मी फोन तिच्या हातात दिला. "आता हे बाबाला तूच सांग."

तिने सगळं सांगितलं. पलीकडचं मला ऐकू येत होतं. मग हे म्हणाले, "म्हंजी घोडे न्हाईत?" आणि सुजाता रडता रडता हसायला लागली. जराशाने ते म्हणाले, "जायच्या आधी घरी येऊन जाय. तोंड दाखवून जाय."

डिसेंबरात, मी परत निघायच्या आदल्या आठवड्यात, पलटणीचं दुपारचं जेवण होतं. त्या दिवशी शिपाई बसतात आणि अधिकारी वाढतात, अशी जुनी रीत. सगळ्यात नवा शिपाई प्रमुखांचा कोट घालून मिरवत होता, आणि खुद्द प्रमुख, ते गणिताचे सर, कमरेला फडका बांधून वाटाण्यांचं पातेलं घेऊन फिरत होते. माझ्या ताटात त्यांनी तीनदा वाढलं. मी माझी कारळाची चटणी पुढे केली. सार्जंट मेजरनी चमचाभर खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुन्हा मागितली.

परत आल्यावर लोक विचारायचे, काय पाहिलं. मी धबधबे पाहिले नव्हते, मोठी शहरं पाहिली नव्हती. मी सांगायचे, नळ दुरुस्त करणारी, शिकवणारी, रक्त तपासणारी माणसं पाहिली. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्यांची नावं ती पाठ ठेवतात आणि मेलेल्या घोड्यांनाही विसरत नाहीत. युद्ध चांगलं असतं असं मला अजूनही वाटत नाही. ते मी सुजाताला सांगितलं आहे आणि तिने ऐकून घेतलं आहे.

फेब्रुवारीत ती घरी येऊन पंधरा दिवस राहिली आणि वसंतात मोहिमेवर गेली.

तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसातला आमच्याकडे फोन वाजतो. मोहिमेवर गेलेल्यांच्या घरची खबर घ्यायची, हीसुद्धा पलटणीची रीत. आमच्या घराची खबर घ्यायचं काम गॉर्डनकडे आहे. त्यांच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते. सुजाता बरी आहे, ते म्हणतात. तुम्ही कशा आहात? पाऊस झाला का? मी माझ्या इंग्रजीत उत्तरं देते. हे सातपासूनच आंघोळ करून फोनशेजारी बसलेले असतात. एक शब्द कळत नाही, पण माझ्या तोंडाकडे पाहत राहतात.

परवा फोन ठेवणार, तोच यांनी माझ्या हाताला धरलं.

"त्यांना इचार," हे म्हणाले, "जेवण झालं का म्हणावं."