तुपाच्या डब्याची शेगडी

जानेवारी १९९१च्या शेवटच्या आठवड्यात, सौदी अरेबियात कुवेतच्या सीमेजवळच्या एका खंदकात तीन इजिप्शियन सैनिक झोपेत मरण पावले. त्यांच्या पायाशी तुपाच्या डब्याची एक शेगडी होती. ती मी बनवली होती.

मी तेव्हा एका केटरिंग ठेकेदाराकडे स्टोअरकीपर होतो. तोच माझा कफील, म्हणजे जामीनदार; इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याच्याच जामिनावर मिळालेला. त्याआधी रत्नागिरीच्या एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो. कंपनीचं ऑफिस जुबैलला होतं. युद्धाची तयारी सुरू झाली तसं स्वयंपाकघर हफर अल बातिनच्या बाहेर तंबूत हलवलं. रोज सकाळी पाव, उकडलेली अंडी आणि पाणी ट्रकमध्ये भरून मी आणि ड्रायव्हर चार ठाण्यांवर जायचो. ड्रायव्हर श्रीवर्धनकडचा, पन्नाशीचा. सगळे त्याला मामू म्हणत. तो मला 'पेपरवाले' म्हणायचा.

तिसऱ्या ठाण्यावर एक्केचाळीस माणसं होती. कमरेपासून वर वाळूच्या गोण्या, खाली नुसती वाळू. पाच-सहा माणसांमागे झोपायला एक खोदलेली खोली, वर पत्रा, पत्र्यावर पुन्हा गोण्या. उरलेल्या चहाच्या पाण्यात दाढी करायचे. बाटल्यांच्या बुचांनी सोंगट्या खेळायचे. सोंगटी हरवली की भांडणं व्हायची. विमानं डोक्यावरून उत्तरेला जात, तेव्हा कोणी मान वर करत नसे.

तिथला हवालदार आमच्याशी बोलायचा. मोडक्या अरबीत मी आणि मोडक्या इंग्रजीत तो. एकदा मी पाव कमी मोजले, तेव्हा तो म्हणाला, "मला काय हिंदी समजलास?" मग त्यालाच हसू आलं. हिंदी म्हणजे भारतीय, आणि त्यांच्याकडे भोळसट माणसाला हिंदी म्हणतात, असं त्याने समजावून सांगितलं.

"आणि आमच्याकडे जो पाव मोजत बसतो त्याला हवालदार म्हणतात," मामू हिंदीत म्हणाला. मी भाषांतर केलं. हवालदाराने मामूच्या डोक्यातली टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली आणि जाईपर्यंत परत दिली नाही.

त्या महिन्यात पाऊस पडला. वाळवंटात थंडी असते हे मला माहीत होतं, चिखल होतो हे नव्हतं. खंदकात घोट्याएवढं पाणी साचलं. माणशी एक ब्लँकेट, तेही ओलं. लाकूड पेटवायला बंदी होती, कारण धूर आणि जाळ लांबून दिसतो. हवालदाराने विचारलं, तुमच्या तंबूत काही आहे का?

आमच्याकडे कबाबसाठी लोणारी कोळसा पोत्यांनी येत असे. मी तुपाचे पाच रिकामे डबे घेतले, खालच्या अंगाला खिळ्याने भोकं पाडली, तारेची कडी लावली. कोळसा बाहेर पेटवायचा, निखारे लाल झाले की डबा आत न्यायचा, हे हवालदाराला करून दाखवलं. धूर नाही, जाळ नाही.

त्याने विचारलं, "झोपताना आत ठेवली तर चालेल?"

मी म्हणालो, "चालेल. आमच्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवतात."

हे खरं होतं. माझ्या आईने माझ्या बहिणीच्या वेळी ठेवली होती, दार लावून. आमच्या घरांवर कौलं असतात आणि कौलांच्या फटींतून हवा खेळते, हे मला तेव्हा सुचलं नाही. खंदकातल्या खोलीच्या पत्र्यावर त्या आठवड्यात पावसासाठी प्लॅस्टिक अंथरलं होतं. तोंडाशी ब्लँकेट खिळ्यांनी ठोकलं होतं. ते मी पाहिलं होतं.

दोन दिवसांनी सकाळी साडेसातला आमचा ट्रक पोचला, तेव्हा कोणीतरी लोखंडी पट्टीवर हातोडा मारत होतं. विषारी वायूचा इशारा. सगळ्यांनी मास्क चढवले. आम्हाला मास्क दिलेले नव्हते. आम्ही काचा चढवून बसलो.

अर्ध्या तासाने सैन्याचा डॉक्टर झोपायच्या एका खोलीतून बाहेर आला. मास्क काढून त्याने हातातला डबा अधिकाऱ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, वायू या कोळशाचा आहे. तिघं आत होते. त्या खोलीतले उरलेले दोघं आणि हवालदार पहाऱ्यावर होते.

अधिकाऱ्याने विचारलं, "हा डबा कुणी दिला?"

हवालदार म्हणाला, "रिकामे डबे ट्रकवाल्यांकडून मीच मागून घेतो. शेगडी मी बनवली."

एव्हाना ट्रकमधून उतरून मी आठ-दहा पावलांवर पाव उतरवत होतो. मला प्रत्येक शब्द कळला. मी पाव उतरवत राहिलो.

परतताना मामूने काच खाली केली. मग म्हणाला, "बोललात नाय तुम्ही."

"बोललो असतो तर?"

"तर काय! इकामा गेला, कफीलने हात झटकले, तुम्ही आत. खलास." पुढे बरंच अंतर गेल्यावर तो म्हणाला, "वाचलात, एवढंच म्हणतो मी. चांगलं केलंत असं नाय म्हणत, पेपरवाले."

दुसऱ्या दिवशी उरलेल्या चार शेगड्या मी मागून परत आणल्या. त्या ठाण्याची मागणी अडतीस माणसांची आली.

हवालदाराची पट्टी काढून त्याला खंदक खोदणाऱ्या तुकडीत पाठवलं. आठवड्याने तो आम्हाला चौथ्या ठाण्यावर भेटला. बाहीवर पट्टीच्या जागी नुसते दोरे होते. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "माझं नाव सांग."

"कशाला? तिघं गेले, माझी पट्टी गेली. तुला आत टाकून त्यातलं काय परत येणार?"

"पण तू खोटं—"

"तू तेव्हा बोलला असतास तर मी गप्प बसलो असतो," तो म्हणाला. "यल्ला, पाव दे. मागे लोक उभे आहेत."

फेब्रुवारीच्या अखेरीस जमिनीवरची लढाई सुरू झाली आणि लगेच संपली. हवालदाराची तुकडी पुढे गेली होती. मार्चमध्ये ती परत येऊन हफर अल बातिनजवळ थांबली. तो तिच्यात आहे का, हे मला कळलं नाही. मी इंग्रजीत एक पानी निवेदन लिहिलं: शेगडी कुणी बनवली, कुणी दिली, वापराबद्दल काय सांगितलं. पूर्वी बातमी लिहायचो तसं, कोण आणि केव्हा पहिल्या वाक्यात. ते घेऊन एका सकाळी त्यांच्या ऑफिसच्या तंबूत गेलो.

कारकुनाने ते सावकाश वाचलं. तिघांच्या मृत्यूची फाईल अजून इथेच आहे, म्हणाला. निवेदन तिला जोडता येईल. त्याने पेन उघडलं आणि माझा इकामा नंबर विचारला.

इकामा माझ्या शर्टाच्या खिशात होता. मी म्हणालो, आमच्या तंबूत राहिला, उद्या घेऊन येतो. निवेदन त्याच्या हातून परत घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा तंबू काढलेले होते. पेट्रोल पंपावरच्या माणसाने सांगितलं की गाड्या आदल्या दुपारी इजिप्तला परतायला बंदराकडे गेल्या.