धाकटीची उमेदवारी

थोरलीचं कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान होतं. कोणाचं भाडं मालकाने वाढवलं, कोणाच्या मजल्यावर पाणी चढत नाही, हे सगळं ती इस्त्री फिरवता फिरवता ऐकायची आणि दुकान बंद झालं की त्या दारात हजर व्हायची. राज्यात सत्ता आलटून पालटून दोन मोठ्या पक्षांकडे जाई. तिसऱ्या, लहान पक्षाला लोक हसत. पण या भागात तो पक्ष म्हणजे थोरलीच. सभेच्या खुर्च्या मांडणारी ती आणि माणसं पांगल्यावर उचलणारीही तीच.

तिची धाकटी जाऊ इस्पितळात नर्स. नर्सांची संख्या कमी केली तेव्हा तिने संप घडवून आणला, जिंकलाही, आणि त्याच जोरावर पक्षात आली. वर्षही झालं नसेल, विधानसभेची उमेदवारी तिला जाहीर झाली.

बातमी मास्तरांनी थोरलीकडे आणली. मास्तर म्हणजे पक्षाचे जिल्हा सचिव, निवृत्त शिक्षक.

"तू तर पक्षाचा कणा आहेस," ते म्हणाले.

"हो ना. कणा कसा, पाठीमागेच बरा!"

"तसं नव्हे गं. लोक तिचं ऐकतात."

पिकतं तिथे विकत नाही, हे थोरलीला माहीत होतं. पण आयत्या बिळावरचा नागोबा आपल्याच स्वयंपाकघरात निघावा! धाकटी बोलायला उभी राहिली की माणसं कामं टाकून ऐकत, आणि मागे उभ्या थोरलीच्या पोटात दुखायला लागे. टाळ्या मात्र ती सगळ्यांत जोरात वाजवायची, कुणाला संशय नको म्हणून.

प्रचारात कोणी कुठल्या गल्लीत जायचं, हे थोरली ठरवी. एके दिवशी तिने धाकटीला बस डेपोमागच्या इमारतींत पाठवलं. भाडेवाढीच्या लढ्यात तिथला एक ड्रायव्हर एकटाच जाऊन मालकाशी तडजोड करून आला होता. थोरलीने त्याला चारचौघांत 'फितूर' म्हटलं, तेव्हापासून तिथे पक्षाचं नाव काढायची सोय नव्हती. यातलं अक्षरही तिने धाकटीला सांगितलं नाही.

धाकटी परतली ती उतरलेल्या तोंडानेच. स्वयंपाकघरात थोरली भाजी चिरत होती.

"सगळ्यांनी तोंडावर दारं लावली, जाऊबाई. तो ड्रायव्हर म्हणाला, शिवी देणारी घरी बसली आणि तुला पुढे केलं का? तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"विसरले असेन."

"तुम्ही? कोणाचं कुत्रं कोणावर भुंकलं, तेसुद्धा तुमच्या लक्षात असतं."

थोरलीची सुरी थांबली. धाकटी ओरडली असती, रडली असती, तर बरं झालं असतं. तिने फक्त चपला काढल्या, पाय चोळले आणि विचारलं, "तो तुमच्याशीच बोलेन म्हणतोय. याल का?"

गेली. जाताना मनातल्या मनात धाकटीला शिव्यांची लाखोली वाहत गेली. ड्रायव्हर दारात आडवा उभा होता.

"शब्द चुकला माझा," थोरली म्हणाली. "तडजोडही तुमची चुकली होती."

"माझी आई आजारी होती तेव्हा. घर सुटलं असतं तर नेऊ कुठे तिला?"

हे थोरलीला ठाऊक नव्हतं. सगळ्या भागाची खबर ठेवणारीला एवढंच ठाऊक नव्हतं! तिने मान खाली घातली. ड्रायव्हर दारातून बाजूला झाला. मग ती रोज त्या इमारतींत जाऊ लागली.

निवडणुकीत धाकटी हरली, पण दुसरी आली. दोन मोठ्या पक्षांतला एक तिसऱ्या क्रमांकावर ढकलला गेला. डेपोमागच्या मतांनी ते जमलं, असं मास्तरच म्हणाले. पण लोकांनी गराडा घातला तो धाकटीला. थोरली घरी येऊन भांडी आदळू लागली.

"हार तिची झाली, आणि हेवा तुला वाटतोय?" नवरा हसला.

"वाटतोय. पुढच्या वेळी मी उभी राहणार."

दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांना तसं सांगितलं. मास्तर खाकरले, चष्मा पुसू लागले. शेजारी बसलेली धाकटी मात्र पटकन म्हणाली, "मीच सुचवणार होते. नाव मी मांडते."

एवढा मोठेपणाही हिनेच घ्यावा, याचा थोरलीला आणखीच राग आला.