समुद्रानं खाल्लेला अर्धा गोल

परवा ऑफिसात भरदुपारी मला हुडहुडी भरली. बाहेर मे महिन्याचं ऊन, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत रस्त्यावर चिटपाखरू नाही... आणि एसीचा काही दोष नव्हता.

आमचं काम म्हणजे वादळ येऊन गेलं की उपग्रहाचे आधीचे आणि नंतरचे फोटो एकावर एक ठेवायचे आणि किनारा किती खचला ते मोजायचं. मराठवाड्यात बसून समुद्र मोजणारी माणसं आम्ही! घरचे नेहमी हसतात.

या वेळी कुणी हसत नव्हतं. वादळ कोकणावर गेलं होतं आणि माझा आतेभाऊ भिवादादा मेंढ्या घेऊन तिकडंच होता. आत्या घाटाकडच्या धनगरांत दिलेली, त्यांचा कळप दर वर्षी कोकणात उतरतो. टॉवर पडलेले, फोन बंद. आत्या पुंडलिकनगरात आमच्याकडं आलेली, पण अन्नाला शिवत नव्हती. "तुझ्या त्या कॉम्प्युटरात बघ की गं, माझं लेकरू दिसतंय का..." हेच सारखं.

मी चिडायचे. अगं, वरून माणूस दिसत नाही!

आणि परवा नेमका दादा दर वर्षी उतरतो त्याच गावाचा किनारा माझ्या वाट्याला आला.

आधीचा फोटो उघडला. पांढरी वाळू, सुरूची झाडं, मागं भाताची मोकळी खाचरं... आणि खाचरांत काळे गोल. शेजारचा समीर म्हणाला, "मॅडम, ये धब्बे डिलीट मारो, बादल की परछाई है."

त्याला काय ठाऊक! आमच्याही मेंढ्या होत्या, बिडकीनकडं कंपन्या आल्या अन् चराई गेली तेव्हा वडिलांनी विकल्या. रात्री वाघर लावतात, म्हणजे जाळीचं गोल कुंपण, आणि त्यात कळप बसवतात. शेताला खत मिळतं. सकाळी कळप पुढं जातो, लेंड्यांचा काळा गोल मागं राहतो.

त्या गावात दादाशिवाय दुसरा कळप उतरत नाही. सगळ्यात काळा, म्हणजे ताजा गोल, सुरूच्या झाडांना लागूनच होता.

नंतरचा फोटो उघडला. झाडं नाहीत. वाळू नाही. माउसनं किनाऱ्याची नवी रेघ ओढत आले आणि रेघ त्या गोलाच्या मधोमध गेली... अर्धा गोल जमिनीवर, अर्धा पाण्यात. कुणी भाकरी मोडून नेल्यासारखा.

हात पुढं जाईना. आपल्याच हातानं भावाला समुद्रात लोटतोय असं वाटलं. खरं सांगते, जाम घाबरले. आत्याला काय तोंड दाखवू?

मग वेड्यासारखी आत आत सरकत गेले. ओढा, वाडी, आडवे पडलेले माड... काहीच नाही. आणि वर टेकडीवर, उघड्या कातळावर, एक अख्खा काळाभोर गोल! आधीच्या फोटोत नव्हता. तिथं कुणी कळप बसवत नाही, खडकाला कशाला हवंय खत? झूम केलं तर कडेला ठिपके... सुटे सुटे, सांडलेल्या तिळासारखे.

मेंढ्या.

मी समीरसमोरच ढसाढसा रडले. बिचारा पाणी आणायला पळाला.

आत्याला फोन लावला, म्हटलं दादानं टेकडीवर तळ टाकलाय. पलीकडून तिनं हळूच विचारलं, "फोन आला व्हय त्याचा?"

"नाही गं... वरून दिसला."

आई सांगते, आत्यानं स्वतः उठून ताट वाढून घेतलं. जेवताना मधूनच छताकडं बघत होती म्हणे.

काल दादाचा फोन आला. आदल्या रात्री त्या सुरूजवळच्या खाचरात कळप गुमान बसला होता. दुसऱ्या दिवशी, वादळाच्या आधीच्या संध्याकाळी, आभाळ स्वच्छ, वारा नाही... "पर मेंढरं बसंनात गं. समदी समुद्राकडं तोंड करून हुभी. एक बी वरडंना. कुत्री बी गप. मला लई भ्या वाटलं, वाघर गुंडाळली अन् वर नेलं त्येंला."

किनारा किती गेला ते मी मोजून दिलंय. पण त्या शांत पाण्यात मेंढरांना काय दिसत होतं, ते काही कुठल्या फोटोत आलेलं नाही. लिहिताना आताही अंगावर काटा आलाय.

मेंढ्यांनो, बायांनो, तुमचे लई उपकार आहेत माझ्या आत्यावर. आजवर येता-जाता लोकांना "मेंढरासारखं वागू नका" म्हणत आले... आता नाही म्हणणार.