चोवीस पट्ट्या

आमच्या मामांचा पुस्तकं बांधण्याचा धंदा होता आणि पुस्तक न वाचण्याचा नेम होता. दोन्ही त्यांनी चाळीस वर्षं सारख्याच निष्ठेने पाळले. "वाचणारा बाइंडर आणि चाखणारा आचारी, दोघांचीही गिऱ्हाइकं ताटकळतात," असं ते म्हणत. हे वाक्य त्यांनी कुठे वाचलं असण्याची शक्यता नसल्यामुळे ते त्यांचं स्वतःचंच असावं.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. आत शिरलं की खळीचा आंबूस वास यायचा. तो आज कुठेही आला तरी मी दोन पावलं थांबतो. दाभणं मेणाच्या गोळ्यात खोचलेली असत, भिंतीशी लाकडी दाबयंत्र उभं असे आणि बसायला एकच स्टूल. त्यावर कायम कुणाचं तरी पुस्तक बसलेलं असायचं. ऑफिस सुटल्यावर मी तिथे डोकावायचो आणि उभाच राहायचो.

मामा ख्रिस्ती घरात जन्मले होते. "बाप्तिस्मा झाला तेव्हा मी एक महिन्याचा होतो. माझं मत कुणी विचारलं नाही," एवढाच ते धर्माबद्दल खुलासा करत. मामी मात्र रोज सकाळी त्यांच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची, तीही ते दाढी करत असताना, म्हणजे त्यांना पळता येत नसे. मामा फेसातून म्हणायचे, "वीस वर्षं अर्ज जातोय. साहेब रजेवर दिसतात."

"साहेब जागेवरच आहेत. फाइल जाड आहे," मामी म्हणायची.

साठी जवळ आली तशी त्यांना एक सवय लागली. संध्याकाळी खळीचा ब्रश धुता धुता ते म्हणायचे, "एवढं शिवून ठेवलं, पण कशासाठी रे?" आणि मी तोंड उघडायच्या आत ब्रश झटकून दिवा मालवायचे. मला वाटायचं, हे थकव्यामुळे असेल.

अशातच मेट्रनबाईंनी त्यांचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, बांधायला आणून दिलं. बाई इस्पितळातून निवृत्त झालेल्या. आवाज अजून वॉर्डातलाच. शास्त्र त्यांच्या नवऱ्याचं होतं. हे गृहस्थ कंपाउंडर होते आणि वारून सहा वर्षं झाली होती. तीस वर्षं त्यांनी त्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत काहीबाही लिहिलं होतं. दुसरं काही लिहून ठेवलं नव्हतं, एक फोटो सोडला तर मागे काही ठेवलंही नव्हतं. बाईंनी बजावलं, "पुठ्ठा बदला, पाठ बदला. आतल्या एका रेघेलाही हात लावायचा नाही."

"बाई, आत काय आहे ते मी बघतच नाही," मामा अभिमानाने म्हणाले.

तेच नडलं.

जुनं पुस्तक बांधायचं तर ते आधी उसवावं लागतं. आठ-आठ पानांच्या घड्या सुट्या होतात. मामांच्या भाषेत त्या जुजा. नव्या पुस्तकाच्या पाठीला बळकटी यावी म्हणून तिला आतून रद्दी कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवतात. शास्त्राचा कागद पातळ पण चिवट, त्यामुळे पट्ट्यांना उत्तम. चर्चने वाळवी लागलेल्या प्रतींची रद्दी दिली होती, ती त्याच स्टुलावर होती. मेट्रनबाईंची एक जुज घसरून त्या ढिगावर पडली. वाचणाऱ्या माणसाला पेन्सिलीचं अक्षर दिसलं असतं. मामांनी जुज उचलली, कापली, आणि आठवडाभरात त्या पट्ट्या सहा पुस्तकांच्या पाठींत जाऊन बसल्या.

शिवायला घेतल्यावर पानांचे आकडे जुळेनात. शोधता शोधता कातरीखाली एक कोपरा सापडला. त्यावर पेन्सिलीने अर्धा शब्द होता. मामा स्टुलावर बसले. त्या स्टुलावर त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

"कुणाला सांगू नकोस," ते मला म्हणाले.

सुटकेची एक वाट होती. मामीकडे त्याच छापाची प्रत होती. तिच्यातली जुज काढून इकडे घालायची, चहाच्या पाण्याने जरा पिवळी करायची. बाईंची नजर अधू झालेली. समास कोरे आहेत हे कळेपर्यंत वर्ष जाईल, कदाचित कळणारही नाही. मामांचा चाळीस वर्षांचा लौकिक शाबूत राहील. मामी शेजारी गेलेली बघून त्यांनी तिची प्रत उघडली. पण मजकूर ओळीला ओळ जुळतो की नाही हे पडताळायला तो वाचणं भाग होतं. अशा रीतीने आमच्या मामांनी शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा, प्रथम वाचलं ते चोरीच्या तयारीसाठी.

मामी परत आली तेव्हा ते वाचतच होते. तिने प्रतीशेजारची सुरी आणि मेट्रनबाईंच्या सुट्या जुजा पाहिल्या आणि बटाटे घेऊन सोलायला बसली.

"अगं, येशूला बांधून पुढे उभं केलंय, आणि हा रोमी सुभेदार त्याला विचारतो, सत्य म्हणजे काय. आणि उत्तर न ऐकताच बाहेर निघून जातो!"

"हो."

"असं कुणी करतं का?"

मामीने नुसतं वर बघितलं.  ब्रश झटकून दिवा मालवणारा माणूस त्यांना आठवला असणार.

"मग उत्तर काय होतं?" जरा वेळाने त्यांनी विचारलं.

"समोरच तर उभं होतं, हात बांधलेलं," मामी म्हणाली. "आणि माझी जुज कापायची असेल तर नीट कापा, मागच्या खेपेला तुम्ही कॅलेंडर वाकडं कापलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मेट्रनबाईंच्या दारात उभे होते. त्यांनी मला बरोबर नेलं होतं. साक्षीदार म्हणून की आधार म्हणून, ते बोलले नाहीत. त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. मामीच्या प्रतीचा बेतही त्यांनी लपवला नाही.

 बाईंनी डोळे पुसले आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, "किती तुकडे?"

"आठ पानं, पानाच्या तीन पट्ट्या. चोवीस."

"सापडतील तेवढे आणा. आणि माझ्यासमोर रडायचं नाही. मला इस्पितळातल्यांचं पुरलंय."

मग मामा दारोदार हिंडले. स्वतःच बांधलेली धडधाकट पुस्तकं परत मागणारा बाइंडर कुणी पाहिला नव्हता. वकीलसाहेब म्हणाले, "अहो, पुस्तक उत्तम आहे. उघडताय कशाला?"

"तुमचं उत्तम आहे. माझं नाही."

हकीकत ऐकून वकीलसाहेबांनी तीन ग्रंथ पुढे केले. "कायद्याच्या पाठीशी शास्त्र आहे हे आधी सांगायचं होतं. दोन खटले तरी जिंकलो असतो."

सरस वापरला असता तर काहीच हाती लागलं नसतं. पण खळ पाण्याला शरण जाते आणि पेन्सिल पाण्याला दाद देत नाही. मामा पाठी ओल्या करून, बोथट सुरीने, एकेक पट्टी सोडवत. एकवीस मिळाल्या. तीन एका फिरत्या विक्रेत्याच्या वहीत होत्या. तो गाव सोडून गेला होता.

पट्ट्या जुळवायला तीन आठवडे लागले आणि जुळवायच्या तर वाचायलाच हव्या होत्या. मी गेलो की ते हाक मारायचे, "ये, ऐक, कंपाउंडर काय म्हणतो." येशूला ओळखतच नाही असं म्हणणाऱ्या शिष्याच्या गोष्टीशेजारी कंपाउंडर म्हणत होते, 'पेत्र घाबरला. मीही घाबरलो असतो, पण इतक्या लवकर नाही.' दुसरीकडे: 'आज औषध चुकीचं दिलं. कबूल केलं. झोप लागली.' मामा त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिले.

"चाळीस वर्षं पाठी बांधल्या," ते म्हणाले, "तोंड एकाचंही पाहिलं नाही."

शास्त्र बांधून झालं. मेट्रनबाईंनी बोटाने एकेक सांधा चाचपला. सुभेदाराच्या प्रश्नाशेजारी समासात लिहिलेलं होतं, 'याचं उत्तर मला', आणि पुढची पट्टी नव्हती. बाई तिथे थांबल्या.

"पुढे काय होतं, तुम्हाला आठवतं?" मामांनी विचारलं.

"नाही. मी कधी वाचलंच नाही. वाटायचं, हे आहेत तोवर घाई काय." बाईंनी पेन्सिल पुढे केली. "तुम्ही वाचलंय ना? मग तुम्ही लिहा."

मामा मागे सरकले. "गिऱ्हाइकाच्या पुस्तकात बाइंडर लिहीत नाही, बाई. पण वाचून दाखवू का?"

त्यानंतर दर गुरुवारी दुकान अर्धा दिवस बंद असायचं. मामा बाईंना वाचून दाखवायचे, पहिल्यापासून, समासासकट. चर्चमध्येही जायला लागले, मागच्या बाकावर, दाराजवळ. प्रवचन लांबलं तर घड्याळ बघायचे, पण उठायचे नाहीत. ब्रश धुताना आता ते 'कशासाठी रे?' असं विचारत नसत. एक-दोनदा मीच विचारलं, तेव्हा ओले हात पुसून, दिवा न मालवता, त्यांनी मला स्टुलावर बसायला जागा करून दिली.

मामा-मामी दोघंही गेली. मामीची प्रत माझ्याकडे आहे. त्या प्रश्नाशेजारी समासात मामांचं अक्षर आहे, पुठ्ठ्यावर खुणा करायच्या जाड पेन्सिलीचं: 'तो बाहेर गेला. मी थांबलो.'

मामीला ते शेवटपर्यंत पटलं नाही. मजकूर ठीक आहे, ती म्हणायची, पण लिहायचंच होतं तर पेन्सिलीला टोक काढून घ्यायला काय झालं होतं?