पातोडीवर माझा निकाल

मंडळी, आज दुपारी मेहकरातल्या आमच्या गल्लीतल्या नव्या हॉटेलात जेवलो. बेसनाच्या पातोडीचा रस्सा एका टेबलाला जहाल लागला, दुसऱ्याला अळणी. मालकीण शोभाताई रडकुंडीला आल्या.

"गुरुजी, आता तुमीच सांगा. उद्यापासून पातोडी ठेवू का बंदच करू?"

षड्रसांवर दोन शब्द बोलावेत म्हणून मी गंभीरपणे डोळे मिटले. रश्श्याची ऊब अंगभर पसरली, पंख्याची घरघर दूर दूर गेली आणि मी कुठल्याशा संथ पाण्यावर तरंगू लागलो.

जाग आली तेव्हा हॉटेल रिकामं होतं. पंखा माझ्याकडे वळवलेला, आणि फळ्यावर उद्याच्या पदार्थांत पहिलं नाव पातोडीचं.

"अहो शोभाताई, मी मत कुठं दिलं?"

"देलं ना, गुरुजी! घोरून घोरून देलं."

घराबाहेर इतकं निश्चिंत तुम्ही शेवटचं कधी झोपला होतात?