घरची मजुरी

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि गेली दोन वर्षं माझ्या घरात हा एक विनोद समजला जातो. भाजीवाल्यानं वांगी साठ रुपये किलो सांगितली की बायको दारातून म्हणते, "थांबा भाऊ, आमच्याकडे भाव काढणारे आहेत, त्यांना पाठवते." मी पेपरात डोकं घालतो. बोलायला तोंड ठेवलेलं नाही, तेव्हा वाचायला डोळे आहेत हे नशीबच.

माझा धाकटा भाऊ नेरला राहतो. ट्रॅक्टर आणि जीपगाड्या दुरुस्त करतो. दहावीत गणितात राहिला तेव्हा मी बी.ए.ला होतो आणि मी त्याला शिकवत होतो, म्हणजे त्याच्या नापास होण्यात माझाही थोडा हात आहे. पण हातात पाना आला की हा माणूस वेगळाच होतो. इंजिनाच्या आवाजावरून रोग सांगतो. डॉक्टरला फी मिळते तशी त्याला मिळाली असती तर आज यवतमाळात माझ्या घराच्या दुप्पट त्याचं घर असतं.

नेरला कापसाची एक जुनी जिनिंग मिल बंद पडली होती. तिच्या मागच्या शेडमध्ये सरकीच्या फाटक्या पोत्यांखाली एक गाडी होती. जिनिंगच्या पहिल्या मालकानं कोण्या गोऱ्या साहेबाकडून घेतलेली. दोन माणसांची, बिनटपाची, तारांच्या चाकांची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी. लहानपणी आम्ही दोघं भाऊ शेडच्या फटीला डोळा लावून तिच्याकडे पाहत असू. शेड पाडायला निघाली आणि भंगारवाला आला, तेव्हा मी मध्ये पडून पस्तीस हजारांना ती घेतली. कशाला घेतली, असं बायकोनं विचारलं. मी वारसा, इतिहास वगैरे बोललो. खरं कारण असं की गळ्यात रुमाल बांधून, गॉगल लावून मी ती धामणगाव रोडवरून चालवतो आहे, असं चित्र मला दिसलं होतं. माझं पोट स्टीअरिंगला टेकतं हे नऊ वर्षांनी कळलं.

भावानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, खाली वाकला, बोटानं गंज खरवडला.

"दादा, हे गाडी नाई, सांगाडा हाय."

"मग?"

"मग काय. हाडं चांगले हायेत. पाहू."

तिथेच आमचं ठरलं. पैसा माझा, काम त्याचं. कधी विकलीच तर झालेला खर्च वजा करून उरेल ते निम्मं-निम्मं. हे मीच सुचवलं आणि आपण भावाशी किती सरळ वागतो, या विचारानं त्या दिवशी मला दोन पोळ्या जास्त गेल्या.

पुढची नऊ वर्षं दर रविवारी तो त्या गाडीपाशी असायचा. पत्र्याखालचा लाकडी सांगाडा वाळवीनं खाल्लेला होता, त्यानं वनखात्याच्या लिलावातलं सागवान आणून एकेक तुकडा जुन्याच्या मापानं कोरला. पुढचं झाकण गंजून जाळी झालेलं. नवं कुठं मिळणार? वाळूच्या पोत्यावर पत्रा ठेवून लाकडी हातोड्यानं ठोकून ठोकून त्यानं ते उभं केलं. दोनदा बिघडलं, दोनदा फेकलं. चाकांच्या तारा एकेक करून ताणल्या. कारबुरेटर दोन होते आणि दोघांचं पटत नव्हतं, त्यांचं पटवायला एक पावसाळा गेला. मी लाल रंगासाठी हटून बसलो होतो. त्यानं डॅशबोर्डच्या खाली ब्लेडनं खरवडून मूळचा राखाडी रंग काढून दाखवला आणि म्हणाला, "हे तिचं कातडं हाय. आपण काहून बदलाचं?" मी महिन्यातून एकदा जायचो, त्यानं दिलेली पार्टची बिलं फाईलला लावायचो आणि चार गोष्टी सुचवायचो. त्यानं त्यातली एकही ऐकली नाही, म्हणून गाडी झाली.

ज्या वर्षी ती झाली, त्याच वर्षी त्याच्या गॅरेजची जागा मालकानं विकायला काढली. वीस वर्षं तो तिथं भाड्यानं होता. मालकानं भलेपणानं आधी त्यालाच विचारलं. जवळ काही होतं, काही बँक द्यायला तयार होती, वरचे चार लाख कमी पडत होते. चार महिन्यांची मुदत होती. तो स्वतः मला काही म्हणाला नाही. त्याची बायको माझ्या बायकोला म्हणाली आणि तिनं मला सांगितलं.

"गाडी विकू," मी फोनवर म्हणालो.

तिकडून पान्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "विक. भाव तू काढ दादा. मले त्यातलं काय समजते. तू शिकवतं पोरायले."

आता आमच्या भागातल्या एका सवयीबद्दल सांगितलं पाहिजे. एकरी कपाशीला खर्च किती आला, असं कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. तो बियाणं सांगेल, खत सांगेल, फवारणी सांगेल, वेचणीच्या बायांची मजुरी रुपयापर्यंत सांगेल. स्वतः, बायको आणि आई वर्षभर त्या वावरात राबले, ते सांगणार नाही. ते घरचे. घरच्यांचं काय धरायचं? मी हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. खाली दोन रेघा मारतो. "घरच्या माणसाची मजुरी खर्चात धरली नाही तर काढलेला भाव खोटा असतो," असं सांगताना माझा आवाज चढतो. मागच्या बाकावरची मुलं जागी होतात.

तर मी फाईल घेऊन बसलो. पस्तीस हजार गाडीचे. बिलांची बेरीज तीन लाख पंच्याण्णव हजार. तीनदा केली, कारण मी काटेकोर माणूस आहे. एकूण चार लाख तीस हजार. त्यावर पंचवीस टक्के नफा, कारण त्याहून जास्त घेणं मला नफेखोरी वाटते. झाले पाच लाख साडेसदतीस हजार. वर थोडी गाडीची शोभा म्हणून साडेपाच. कागद स्वच्छ लिहून काढला. अशा जुन्या गाड्या बाहेर कितीला जातात, हे मी पाहिलं नाही असं नाही. पाहिलं. पण ते आकडे मला हौशी लोकांचा मूर्खपणा वाटले. माझी किंमत शास्त्रीय होती.

बायकोनं कागद वाचला.

"त्याचे हात कुठं धरले यात?"

"कोणाचे?"

"भावाचे तुमच्या. नऊ वर्षं ठोकून राह्यला तो."

"अगं, ते घरचं काम. त्याला निम्मा वाटा आहेच की. घरच्याची मजुरी कोणी धरते का?"

तिनं कागदाची घडी करून माझ्यापुढे ठेवली. मी हे वाक्य बोललो, माझ्या तोंडून, मोठ्यानं, आणि मला काहीही जाणवलं नाही. पंचवीस वर्षांची नोकरी.

आकडा मी भावालाही सांगितला नाही. भाव आधी फोडायचा नसतो, असं मला वाटत होतं.

गिऱ्हाईक नागपूरहून नेरला आलं, त्या दिवशी मी बायकोला घेऊन तिथं गेलो होतो. पांढरा सदरा घातलेला, पन्नाशीचा, शांत माणूस. माझ्याशी हात मिळवला आणि मला विसरला. सतरंजी न मागता गाडीखाली आडवा झाला. बाहेर आला तेव्हा सदऱ्याची पाठ काळी होती आणि चेहरा उजळला होता. मग दीड तास तो भावाला विचारत होता आणि भाऊ सांगत होता. मी भावाला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"हे झाकण कुठून आणलंत?"

"आणलं नाई. ठोकलं."

"हातानं?"

"मंग कायनं? पाय होते पण ते उभं राहाले लागते."

गिऱ्हाईक हसलं. झाकणावरून तळवा फिरवला, घोड्याच्या पाठीवरून फिरवतात तसा. म्हणाला, "किमतीचं कोणाशी बोलायचं?"

भावानं माझ्याकडे हात केला. त्या हातात काय भरवसा होता! मी घसा साफ केला, खिशातून कागद काढला, खर्च समजावला, नफ्याचं तत्त्व समजावलं.

"साडेपाच लाख. आणि यात एक रुपया कमी होणार नाही," मी खड्या आवाजात म्हणालो.

"ठीक आहे," तो म्हणाला.

माणसानं भावात घासाघीस केली नाही तर काय समजायचं, हे नेरच्या बैलबाजारातला कोणीही दलाल सांगेल. मी प्राध्यापक. मला वाटलं, माझ्या मांडणीनं तो निरुत्तर झाला. भाऊ सुताच्या गोळ्यानं हात पुसत होता. तो पुसायचा थांबला. एकदा गाडीकडे पाहिलं, मग पुन्हा पुसू लागला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

गिऱ्हाईक फोन लावायला रस्त्यावर गेलं, तेव्हा बायकोनं माझी बाही ओढली. "अजून सही नाही झाली. सांगा, चुकलं म्हणून."

"शब्द दिला मी."

"कोणाले? त्या नागपूरवाल्याले?"

मी भावाकडे पाहिलं. त्यानं म्हणावं, दादा, थांब, असं मला वाटत होतं. तो एवढंच म्हणाला, "राहू द्या वहिनी. दादानं सांगतलं ना." आणि मी ते त्याची संमती समजलो, कारण तसं समजणं सोयीचं होतं. शब्दाचा पक्का माणूस म्हणून मला मिरवायचं होतं आणि ते भावाच्या पैशानं मिरवता येत होतं.

सही झाली. गाडी ट्रकवर चढली. आम्ही आत जेवायला बसलो. हिशेब सोपा होता. माझे चार लाख तीस हजार मला परत, रुपयासकट. उरले एक लाख वीस हजार. निम्मे साठ. नऊ वर्षांचे साठ हजार. त्याच्या पाकिटासोबत मी माझ्या वाट्याच्या साठचं पाकीटही त्याच्यापुढे सरकवलं.

"हे काय?"

"असू दे. तुझी मेहनत..."

"मेहनत तर तू धरलीच नाई ना कागदावर. मंग हे कायचे? बक्षीस?" त्यानं दुसरं पाकीट उचलून माझ्या ताटाजवळ ठेवलं. "ठरलं ते ठरलं."

आमच्या घरात धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर बोलत नाही. दोन हातांवर मी बसलेलो होतो, पण भाकर वाढता वाढता ती माझ्या बायकोला म्हणाली, "बाई, भाऊजीले विचारा, नऊ वर्षाचे रविवार कोणत्या भावानं गेले? हे म्हणून राह्यले होते, दादा बारा लाख तरी काढीन. शिकलेला हाय, आपल्याले काही कमी पडू देणार नाई." मग तिनं मला भाकर वाढली. मी नको म्हटलं नाही. नको म्हणायचीही लाज वाटली.

जागा गेली. तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. भाऊ बायपासला चार पत्रे टाकून बसतो. उन्हाळ्यात पत्रा तापतो तेव्हा ट्रॅक्टरच्या सावलीला सरकतो.

सहा महिन्यांनी त्यानं मला फोनवर एक जाहिरात पाठवली. आमचीच गाडी. राखाडी रंग, झाकणावर ऊन पडलेलं. किंमत अठ्ठावीस लाख. मी घाईनं गाडी काढून नेरला गेलो. काय बोलणार होतो, मला माहीत नव्हतं. तो चहाच्या टपरीवर चार लोकांना फोन दाखवत होता.

"पाह्यलं काय दादा? खाली वाच."

मी वाचलं. 'सागवानी सांगाडा. नेर येथील कारागिराचे नऊ वर्षांचे संपूर्ण हातकाम.'

"लिहिलं त्यानं," भाऊ म्हणाला. "त्याले कोणी सांगतलं नव्हतं."

अठ्ठावीसचा उल्लेख त्यानं केला नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि आतून आला तो वर्गातला धडा. नफा, बाजार, मध्यस्थ. त्यानं दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाला, "चाल, काम पडलं हाय."

मागच्या महिन्यात माझ्या गाडीचा क्लच गेला. यवतमाळात गॅरेजं पन्नास आहेत, पण मी तीस किलोमीटर अडखळत नेरलाच नेली. आजवर त्याच्याकडे पार्टचे पैसे तेवढे द्यायचे, मजुरीचं नाव काढलं तर तो रागवायचा, मग मी निघताना पोरांसाठी पेढ्यांचा डबा ठेवायचो, असा आमचा रिवाज. डबा या वेळीही आणला होता.

काम झालं. त्यानं बिलबुक काढलं. माझ्यासमोर ते कधीच निघालं नव्हतं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग. त्याखाली स्वच्छ अक्षरात : मजुरी, बावीसशे.

"जास्त वाटते काय?"

"नाही."

"नाई, तू भाव काढणारा माणूस. बरोबर हाय का सांग."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

त्यानं पैसे मोजून घेतले, बिल फाडून हातात दिलं आणि ताटकळलेल्या एका ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली. पेढ्यांचा डबा मी बाजूच्या टायरवर ठेवला. तो म्हणाला, "तिथं नोको ठेवू, ग्रीस हाय," आणि डबा उचलून माझ्या गाडीच्या सीटवर परत ठेवला.

मी निघालो. क्लच पायाखाली लोण्यासारखा जात होता. काम उत्तम झालं होतं.